तीन आमट्यांचं घर

एकदा एका व्यापाऱ्याच्या चुलीवर रोज तीन आमट्या शिजू लागल्या. घरात माणसं चार आणि आमट्या तीन. हे गणित कसं बसतं ते पुढं कळेल, आधी व्यापारी बघून घ्या.

त्र्यंबकशेट त्याचं नाव. बाजारपेठेत भुसाराचं मोठं दुकान, बोलण्यात वजन आणि पोटात कायम आग. घशाशी आंबट आलं की समोर गिऱ्हाईक आहे का सोयरा, हे न बघता खेकसायचा. वैद्यानं त्याची नाडी धरून स्वच्छ सांगितलं होतं, "औषधं माझ्याकडं पुष्कळ आहेत, पण तुम्हाला ती लागत नाहीत. घरचं साधं जेवा. भाकरी, आमटी, एखादी पालेभाजी, वाटीभर ताक. मीठ जरा बेतानं." शेटनं मान डोलावली. मान डोलवायला काही कष्ट पडत नाहीत.

असा हा शेट एका सकाळी गावाबाहेरच्या मठात आला. तिथं एक म्हातारे बुवा राहत आणि त्यांचा एक शिष्य, नागनाथ. नागनाथ हुशार होता. आहारावरचं प्रवचन तो असं रंगवून सांगे की ऐकणाऱ्याला भूक लागावी. त्याला स्वतःला ती नेहमीच लागलेली असे. स्वयंपाकही तोच करी आणि मठातला स्वयंपाक म्हणजे भाकरी आणि पिठलं, फार झालं तर आमटी. सात्त्विक आहारावर तास तास बोलणाऱ्या नागनाथला पिठलं दिसलं की वैराग्य येई, आणि तेही फक्त पिठल्यापुरतं.

शेट बुवांच्या पाया पडला आणि म्हणाला, "बुवा, आमच्या कुटुंबाला जरा उपदेश करायला पाहिजे."

"काय केलं सुंदराबाईंनी?"

"अजून केलं नाही, करणार आहे. म्हणते, आता चुलीपुढं बसणार नाही. शनिवारी तिचा भाऊ छकडा घेऊन येतोय. त्यात बसून माहेरी जाते म्हणते. परत यायचं विचारलं तर बोलतच नाही."

"कारण?"

"कारण काहीच नाही."

"कारण नसताना बाईमाणूस ट्रंक भरत नाही, शेट. घरात रांधतात काय?"

"आमटी."

"कसली आमटी?"

शेट जरा चुळबुळला. "आता माझी असते कमी मिठाची. मातोश्रींची बिनलसणाची. आमच्या मार्तंडला तिखट सोसत नाही, म्हणून त्याची बिनतिखटाची."

"आणि त्यांची स्वतःची?"

शेट उपरण्याचं टोक चाळवू लागला. त्याला आठवत नसावं असं नागनाथला वाटलं. खरं म्हणजे त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

"मग जाऊ द्या त्यांना," बुवा म्हणाले. "गावात खानावळ आहे."

"खानावळीचं नाव काढू नका, बुवा. मध्यंतरी ती रुसली होती तेव्हा तिथं जेवलो. दुकानात पोत्यांवर आडवा पडलो होतो, हमाल मला उचलायला आले. वैद्य म्हणाला, असंच खाल्लंत तर पुढच्या दिवाळीचं मी काही सांगत नाही. तिचं जाणं म्हणजे माझंही जाणंच आहे. म्हणून म्हणतो, समजूत घाला तिची. तुमचा शब्द ती मोडायची नाही."

बुवा म्हणाले, "उद्या दुपारी तुमच्याकडं जेवायला येतो."

नागनाथच्या डोळ्यांपुढं तत्क्षणी पुरणपोळी आली, तुपासकट.

"पण रांधणार हा नागनाथ," बुवा पुढं म्हणाले, आणि पोळी गेली. "साधंच रांधेल. आणि सुंदराबाई तुमच्याबरोबर पंगतीला बसतील."

"आमच्यात बायका मागनं बसतात, बुवा."

"मग आम्ही इथंच बरे आहोत. पिठलं आहे."

शेटला पोत्यांवर आडवं पडलेलं आठवलं असावं. तो म्हणाला, "या उद्या."

दुसऱ्या दिवशी वाटेत बुवांनी नागनाथला सांगितलं, "आमटीत मीठ घालायचं नाही. भाजीतही नाही. लसूण नाही आणि मिरचीही नाही."

नागनाथ चालता चालता थांबला. "बुवा, त्याला आमटी म्हणत नाहीत. ती डाळीची आंघोळ झाली."

"असू दे."

"लोक मारतील मला."

"तुला मारतील. मी पाहुणा आहे."

"पण कशासाठी?"

"तू आधी रांध. आणि कुणाला सांगू नकोस."

"निदान चाखून बघतो, अगदीच—"

"नैवेद्याआधी चाखतोस?"

नागनाथनं मान खाली घातली. मठातही तो रिवाज होता आणि शेटच्या घरीही होता. देवाला दाखवल्याशिवाय रांधणाऱ्यानं जिभेला काही लावायचं नाही. वासावर आणि अंदाजावर सगळं चालायचं.

सुंदराबाई स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी नागनाथला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

"येतं का तुम्हाला रांधायला?"

"मठात मीच रांधतो."

"तिथं कोण नावं ठेवतं?"

"कुणी नाही. बुवा खातात, उठतात आणि ताट धुतात."

"मग तुम्हाला काय येतं ते आज कळेल." त्यांनी फळीवरची भांडी दाखवली. "हे यांचं, हे सासूबाईंचं, हे मार्तंडचं."

"आणि तुमचं?"

"माझं कशाला वेगळं? तिन्हींच्या तळाला जे उरतं ते एका वाटीत ओतते आणि खाते. मीठ कमी, लसूण कमी, तिखट कमी. माझं पोट बघा कसं ठणठणीत आहे." हे त्या हसून म्हणाल्या, पण मागं कोपऱ्यात भरलेली ट्रंक होती आणि तिला कुलूपही लावलेलं होतं.

"आज एकच भांडं घेतो," नागनाथ म्हणाला.

"घ्या. तुम्हाला उठून मठात पळून जाता येतं."

मग त्या बाहेर गेल्या आणि नागनाथ चुलीपुढं बसला. तुरीची डाळ शिजवली, घोटली. चिंचेचा कोळ, गुळाचा खडा. मोहरी, जिरं, हिंग, हळद आणि कढीपत्त्याची फोडणी दिली तेव्हा घरभर असा वास सुटला की त्याला क्षणभर धीर आला. मुगाची डाळ घालून मेथीची भाजी केली. काकडी चोचवून दह्यात घातली. भाकऱ्याही थापल्या, त्यातल्या काही गोल होत्या. मिठाच्या बरणीकडं त्याचा हात सवयीनं जायचा आणि चटका बसल्यासारखा मागं यायचा. नैवेद्य दाखवताना मात्र त्याला खरंच वाईट वाटलं. माणसांच्या ताटात बाजूला मीठ तरी वाढतात, देवाच्या ताटात तेही वाढत नाहीत. त्यानं डोळे मिटून क्षमा मागितली आणि देवापुढचा पडदा सोडला.

पंगत बसली. बुवा, त्यांच्या शेजारी शेट, मग शेटची आई गयाबाई, मग मार्तंड. मार्तंड वीस-बावीस वर्षांचा, मिशा बापाच्या आणि स्वभाव कुणाचाच नाही. कडेला सुंदराबाई. बसायला पाट मिळाला तरी त्यांचं अर्धं अंग उठायच्या तयारीतच होतं. नागनाथनं रीतीप्रमाणं ताटात आधी वर चिमूटभर मीठ वाढलं, लिंबाची फोड, कोशिंबीर, उजवीकडं भाजी, भाकरी. मग आमटीचं भांडं घेऊन तो दारात आला.

तो अजून दारातच होता आणि गयाबाई म्हणाल्या, "लसूण घातलाय. मला इथवर घमघमाट आला."

नागनाथनं बुवांकडं बघितलं. बुवा ताटाकडं बघत होते.

आमटी वाढून झाली, बुवांनी हात जोडले, जेवण सुरू झालं. शेटनं वाटी तोंडाला लावली, भुरका मारला आणि वाटी खाली ठेवता ठेवता म्हणाला, "मीठ पडलंय जास्त. वैद्यानं डोकं फोडून सांगितलं तरी या घरात मिठाचा हात आवरत नाही." आणि हे तो सवयीनं सुंदराबाईंकडं बघून म्हणाला. ती बाई आज शेजारी पाटावर बसलेली आहे, चुलीपाशी दुसराच कुणी होता, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

नागनाथला आपण काय ऐकलं तेच समजेना. त्यानं बरणीला हात लावला नव्हता. का लावला होता? त्याला स्वतःचाच भरवसा वाटेना.

मार्तंडनं घास खाल्ला. त्याच्या कपाळाला आठी पडली. त्यानं बापाकडं बघितलं, आजीकडं बघितलं, परत एक घास खाल्ला. दोघं वडीलधारी बोलली आहेत म्हणजे आमटीत काहीतरी असणारच, आपल्याच जिभेचं बिनसलं असेल, असं त्याला वाटलं असावं. तो हळूच म्हणाला, "तिखटपण आहे जरा."

सुंदराबाईंनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तोंडात टाकला. एकदा चावला आणि त्यांचं तोंड थांबलं. त्यांनी मान वर करून नागनाथकडं बघितलं. नागनाथनं भिंतीकडं बघितलं. मग त्यांनी ताटातलं मीठ चिमटीत घेतलं, आमटीत टाकलं, बोटानं हलवलं, वर लिंबू पिळलं आणि खाली मान घालून जेवायला लागल्या.

बुवांनी आपली भाकरी निवांत संपवली. पाणी प्याले. मग म्हणाले, "नागनाथा, आमटीत मीठ किती घातलंस?"

"घातलं नाही, बुवा."

"लसूण?"

"घरात कुठं ठेवतात तेही मला माहीत नाही."

"आणि मिरची?"

"नाही."

पंगतीत कुणाचाच हात हलेना. मग एक विचित्र आवाज आला. सुंदराबाई हसत होत्या. पदर तोंडाला लावून त्या हसू दाबायला बघत होत्या आणि ते काही दबत नव्हतं. हसता हसता त्यांचे डोळे भरले, नाक लाल झालं, पाट सरकला.

"हसायला काय झालं एवढं?" गयाबाई म्हणाल्या. "हिंग आहे की त्यात. हिंगाचा वास लसणासारखाच येतो."

"येतो, आजी," बुवा म्हणाले. "पण तुम्ही नावं ठेवलीत तेव्हा आमटी अजून दारातच होती."

शेट म्हणाला, "मग भाजीत असेल मीठ."

"भाजीला तुम्ही अजून हात लावलेला नाही."

शेटनं ताटाकडं बघितलं. भाजीचा ढीग होता तसा होता. त्याचा चेहरा तांबडा झाला. आपण खोटं बोललो नाही एवढं तरी सिद्ध करावं म्हणून त्यानं भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि या वेळी नीट चावून खाल्ली. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. त्यानं घास गिळला आणि म्हणाला, "हे तर अळणी आहे."

"आत्ता पहिला घास खाल्लात," बुवा म्हणाले.

मग बुवांनी हात झटकले आणि शेटकडं वळून बसले.

"शेट, दुकानात माल आला की तुम्ही पोत्यात सळई खुपसता, दाणे काढून बघता. बरोबर आहे, व्यापार आहे. पोत्याला भोक पडलं तर सुतळीनं शिवता येतं. पण तुम्ही घरी येऊनही तीच सळई घेऊन ताटावर बसता. सुंदराबाईंना रांधताना चाखता येत नाही. त्या अंदाजानं घालतात आणि अंदाज आहे, कधी चुकणार. म्हणून तर ताटात आधी मीठ वाढतात. कमी वाटलं तर ज्याचं त्यानं घ्यावं, आपल्या हातानं, मुकाट्यानं. तुमच्याकडं ते रोज वाढतात आणि रोज खरकट्यात जातं. साधं जेवण रांधणं अवघड नाही हो. डाळ आपोआप शिजते. ती शिजायच्या आत तिला नावं ठेवणारी माणसं घरात असली की एकीच्या तीन आमट्या होतात, मग बाईच्या अंगाचं पाणी होतं आणि शेवटी छकडा येतो. तुम्ही मला उपदेश करायला बोलावलंत. केला. चुकून तुम्हाला झाला असेल."

शेट बायकोकडं न बघता म्हणाला, "मग आता तू काही जात नाहीस ना?"

"जाते की," सुंदराबाई डोळे पुसत म्हणाल्या. "भाऊ एवढ्या लांबून येणार, छकडा रिकामा कशाला पाठवू?"

"आणि आमटी?"

"तुम्ही करायची. नागनाथबुवा दाखवतील. एका भांड्यात एक आमटी, सगळ्यांना सोसेल अशी. वर ज्याला मीठ पाहिजे त्यानं मीठ घ्यावं, ज्याला तिखट पाहिजे त्यानं ठेचा घ्यावा."

"आणि तू परत कधी येणार?"

"आमटी जमली की निरोप पाठवा. पण तुमचा निरोप मी धरायची नाही. सासूबाईंनी सांगितलं पाहिजे, लसूण नव्हता म्हणून."

शेटनं आईकडं बघितलं. गयाबाईंनी छताकडं बघितलं.

नागनाथ आत गेला. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं आणि भाकऱ्या गार होऊन वाकल्या होत्या. तेवढ्यात सुंदराबाई आल्या, त्याला चुलीपासून उठवलं आणि पीठ मळायला घेतलं. "बसा. रांधणाऱ्यानं सगळ्यात शेवटी गार खायचं, हे मला चांगलं माहीत आहे. आज नको." त्यांनी भाकरी थापली, तव्यावर टाकली, निखाऱ्यावर फुगवली आणि त्याच्या ताटात घातली. एका कडेला ती करपली होती. नागनाथचं तोंड उघडलं.

"काय?" सुंदराबाईंनी विचारलं.

"काही नाही. गरम आहे."

"मग खा."

परतताना नागनाथला मग राहवेना. "बुवा, ते असं बोलणार हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला काय ठाऊक असणार? मला वाटलं, सगळे अळणी आहे म्हणून ओरडतील. मग ताटातल्या मिठाकडं बोट दाखवायचं आणि आपापलं घ्या म्हणायचं, एवढंच ठरवलं होतं. बाकीचं त्यांनीच केलं. मी तर जेवता जेवता घाबरलो होतो, तू गुपचूप मीठ घातलंस की काय."

शनिवारी छकडा आला आणि सुंदराबाईंना घेऊन गेला. त्यानंतर नागनाथला रोज दुपारी शेटकडून बोलावणं येऊ लागलं. त्र्यंबकशेट धोतर खोचून चुलीपुढं बसे आणि धुरानं रडे. पहिली आमटी घोटायची राहिली, तिच्यात डाळ खाली आणि पाणी वर. दुसरी करपली. मार्तंड भाकरी थापायला शिकला आणि भाकरी फुगली की सगळ्यांना हाक मारून दाखवू लागला. आपण केलेल्या आमटीला आई चव बघायच्या आधी नावं ठेवते, हे ऐकून शेटला इतका राग यायचा की त्याला आपली बायको आठवायची. "आई, लसूण घरातनं काढून टाकलाय," तो म्हणायचा. "मग शेजारणीच्या घरचा येत असेल," गयाबाई म्हणायच्या. पण घरात एकच साधी आमटी शिजत होती आणि शेटच्या घशाशी आंबट येणं कमी झालं होतं, हे वैद्याच्याही लक्षात आलं.

मग एका दुपारी गयाबाईंनी आमटीत भाकरी कुस्करली, घास घेतला, गिळला, ताटातलं मीठ जरासं घेतलं आणि आणखी एक घास घेतला. शेट पळी हातात धरून उभा होता. वाटी संपल्यावर त्या म्हणाल्या, "वाढ की अजून. आणि कळव तिला, लसूण नव्हता म्हणून. एकटीनं जेवायला मलाही करमत नाही." शेटनं माणूस पाठवला नाही. स्वतः गाडी जुंपून सासुरवाडीला गेला.

सुंदराबाई आल्या त्या दिवशी नागनाथ तिथंच होता. शेटनं त्यांना पाटावर बसवलं, मीठ वाढलं, आमटी वाढली आणि समोर उभा राहिला. मार्तंड उभा होता, गयाबाई दाराला टेकून उभ्या होत्या. सुंदराबाईंनी घास घेतला, सावकाश चावला, गिळला.

"बसा की सगळे," त्या म्हणाल्या. "निवतंय."

नागनाथनं सगळ्यांची ताटं मांडली आणि स्वतःचंही मांडलं.

ताट पुढ्यात आलं की आधी एक घास गिळावा. बोलायला तोंड तिथंच असतं.